कोणती जोडी निघेल?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर शर्यतीच्या दिवशी पुस्तक विकत मिळतं. प्रत्येक घोड्याचं वय, आईबाप, पाठीवरचं वजन, जॉकी, ट्रेनर आणि मागच्या धावांत आलेले नंबर त्यात ओळीने छापलेले असतात. जमीन किती घट्ट आहे तेही यंत्राने मोजून जाहीर करतात. पेन्सिल घेऊन अर्धा तास बसलं की नवखा माणूससुद्धा तीन नावांभोवती गोल करून मोकळा होतो.

गोंदिया जिल्ह्यात धानाची मळणी उरकली, तणसाचे ढीग रचून झाले, की शंकरपटांचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, दिवस येतात. तिथे असलं पुस्तक नाही. नोंदणीच्या टेबलावर एक वही असते, तीत मालकाचं नाव, गाव आणि फार तर जोडीचं नाव. तरी पहिली जोडी सुटायच्या आत मैदानभर अंदाज ठरलेले असतात. "कोनती निघते गा आज?" असा प्रश्न पानठेल्यावर पडला की चार उत्तरं येतात, आणि चारही उत्तरांना कारणं असतात. ही कारणं आली कुठून? छापील कागदाचा आधार नसलेल्या या अंदाजाची वंशावळ शोधायची तर बरंच मागे जावं लागतं.

मागे म्हणजे विराटाच्या दरबारापर्यंत. अज्ञातवासात नकुल घोड्यांकडे गेला आणि सहदेव गुरांकडे. गुरांची लक्षणं आपल्याला कळतात, असं सहदेव राजाला सांगतो. या दोन भावांच्या नावावर पुढे पशुपरीक्षेची अख्खी परंपरा उभी राहिली. आपल्याकडे सहदेवाचं नाव पावसाच्या भाकितालाही चिकटलं, सहदेव-भाडळीच्या रूपाने. म्हणजे बैल ओळखणारा आणि पाऊस सांगणारा एकच. त्यात भर म्हणून नंदीबैलवाल्याने खुद्द बैलालाच भाकीत सांगायला लावलं. बैलाविषयीचा अंदाज आणि बैलाने दिलेला अंदाज यांची आपल्याकडे अशी जुनी सरमिसळ आहे.

वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या 'बृहत्संहिते'त गाई-बैलांच्या आणि घोड्यांच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहेत. डोळे कसे, शिंगं कशी, खूर कसे, रंग कोणता, सगळं बारकाईने सांगितलेलं. पण ते वाचताना एक गोष्ट जाणवते. तिथे विचारलेला प्रश्न आपल्या पटावरचा नाहीच. हे जनावर धन्याला लाभेल की बाधेल, कळप वाढेल की बुडेल, याची ती परीक्षा आहे. गावोगावचे, जनावराच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचे जाणकारही याच प्रश्नाचं उत्तर देत. अमक्या जागी भोवरा असला तर घरात घ्या, तमक्या जागी असला तर फुकट मिळाला तरी नको. जनावराच्या अंगावर धन्याचं नशीब वाचायची ही विद्या होती. पळण्याचा वेग तिच्या खिजगणतीत नव्हता.

वेगाचा प्रश्न रस्त्यावर आला. वर्धा-नागपूरपासून शिवनी-बालाघाटपर्यंत पसरलेली गवळाऊ ही जात उंच, हलक्या हाडाची, लांब तोंडाची. डोंगराळ मुलखातून लष्कराचं सामान भराभर न्यायला मराठ्यांनी ती जोपासली असं मानलं जातं, आणि तिची चाल पाहिली की ते पटतं. बालाघाट तर गोंदियाला लागून. खुद्द गोंदिया-गडचिरोलीकडची कठाणी जात अंगाने लहान आणि चिखलाची सराईत. भाताच्या बांधीत गुडघाभर चिखलात दिवस काढणारा बैल वेगळा आणि कोरड्या वाटेवर पळणारा वेगळा, हे इथल्या माणसाला त्यामुळे फार आधी कळलं असणार. धान वाहायला खासर ही गाडी, पाहुण्यांसाठी हलकी रेंगी. लग्नाच्या वऱ्हाडाच्या रेंग्या एकामागून एक निघाल्या, बाजारातून रिकाम्या गाड्या परतू लागल्या, की कोणीतरी शेपटीला हात घालणार आणि मागचा पुढच्याला गाठणार. पटाचा जन्म अशा वाटेवरच्या चढाओढीत झाला असावा, असं मला वाटतं. कागद त्याला साक्षी नाही, पण पटातला छकडा रेंगीचाच सडसडीत भाऊबंद दिसतो.

वाटेवरच्या चढाओढीतूनच पहिला खरा अंदाज निघाला असणार. अमक्याची जोडी बाजारातून अंधार पडायच्या आत घरी येते, हे गावाला माहीत असतं. देवाधर्माची लक्षणं बाजूला राहून केलेल्या कामावरून जनावर जोखणं इथून सुरू झालं. घोड्यांच्या जगात याला फॉर्म म्हणतात. इंग्लंडात जेम्स वेदरबीचं 'रेसिंग कॅलेंडर' १७७३ मध्ये निघालं आणि त्यात निकाल दरसाल छापले जाऊ लागले. १७९१ मध्ये घोड्यांच्या वंशावळींचं 'जनरल स्टड बुक' आलं. मुंबईत टर्फ क्लब १८०२ च्या सुमाराचा. शर्यती आधी भायखळ्याला होत, १८८३ मध्ये महालक्ष्मीला गेल्या. १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने जिंकली, तेव्हा तिची सात पिढ्यांची कुंडली आणि मागच्या सगळ्या धावा कोणीही काढून पाहू शकत होतं. घोड्याचा अंदाज असा वाचनाचा विषय झाला. बैलाचा अंदाज आठवणीतच राहिला.

ही आठवण वाहणारा माणूस म्हणजे धुरकरी. मालक आपल्या जोडीपुरता, पण नावाजलेला धुरकरी या पटावरून त्या पटावर जाणारा, आज एकाची जोडी हाकणारा तर आठवड्याने दुसऱ्याची. कुठल्या बैलाने मधेच अंग काढलं, कोणता गर्दीला बुजला, कोणता सुटायच्या आधीच घामेजला, हे त्याच्या डोक्यात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमी येते ती बक्षिसाची, मालकाच्या गावाची आणि उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याची. हरलेली जोडी कशी हरली ते त्यात नसतं, आणि पुढच्या अंदाजाला लागतं नेमकं तेच. म्हणून पटाच्या आदल्या संध्याकाळी धुरकऱ्याच्या आसपास जरा जास्तच खुर्च्या मांडलेल्या दिसतात. तो बोलतो कमी. बोलला तरी खरं बोलेलच असं नाही, कारण उद्या त्यालाही पळवायचं असतं.

रात्री मंडपात झाडीपट्टीचं नाटक असतं. दिवसा पट आणि रात्री नाटक ही इथली जुनी जोडगोळी. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांच्या तारखा या पटांच्या आणि मंडई नावाच्या जत्रांच्या हंगामाभोवतीच बांधलेल्या. नाटकाच्या पडद्याआड काय चाललंय याची जितकी उत्सुकता, तितकीच गावाबाहेर आमराईत बांधलेल्या परगावच्या जोड्यांची. कोणाचे बैल चारा टाकून उभे आहेत आणि कोणाचे निवांत रवंथ करताहेत, ही बातमी नाटकाच्या मध्यंतरात फिरते.

सकाळी जाणकार जोड्या पाहायला निघतो तेव्हा त्याच्या मागोमाग जावं. आधी तो लांब थांबतो. बैल खुंट्याशी कसा उभा आहे, चारही पायांवर भार सारखा आहे का, एखादा पाय सारखा उचलतोय का, हे पाहून मग जवळ जातो. कातडी अंगाला चिकटलेली हवी, लोंबती नको. खूर काळे, गोळीबंद, मधली फट अरुंद. शेपटी सडपातळ. खांद्यावर जू बसतं तिथे तो तळवा ठेवतो आणि दाबतो. बैलाने कातडी थरथरवली तर खांदा आलेला आहे, आज तो जू झटकणार. मग ओठ वर करून दात. दोनदाती गोऱ्हा पळतो जोरात पण त्याचा भरवसा नाही, चारदाती-सहादाती कामाचा, सगळे दात जुळले की अनुभव आहे पण किती हंगाम उरलेत ते बघायचं. शेवटी तो मैदानाकडे वळतो आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरतो. या भागात मातीची नावं लहान पोरालाही पाठ असतात: कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बर्डी. कन्हारीत ओल राहिली असेल तर हलक्या खुराची जोडी रुतते आणि दणकट जोडी पुढे जाते. सिहार असेल तर उलट. महालक्ष्मीवर यंत्र जे काम करतं ते इथे अंगठा करतो.

एवढं पाहूनही जाणकार चुकतो, आणि तो का चुकतो यात पटाची खरी गंमत आहे. घोडा एकटा पळतो. त्याच्या पाठीवर किती वजन टाकायचं हे ठरवून चांगल्या-वाईट घोड्यांना एका पातळीवर आणता येतं. पटात दोन बैल एका जुवाखाली असतात. त्यातला एक वाऱ्यासारखा असला तरी उपयोग नाही, कारण तो पुढे ओढायला लागला की जू तिरकं होतं, छकडा एका अंगाला जातो आणि धाव तिथेच फसते. म्हणून मुरलेला माणूस भारी बैलाकडे पाहतच नाही. "डाव्याले काय पाह्यता, उजवा कुठवर संग देते ते पाहा," हे वाक्य पटावर ऐकलं की समजावं, बोलणारा नवखा नाही. मालकही याचमुळे एका बैलासाठी जोडीदार हुडकत गावंच्या गावं हिंडतात. रंग जुळला, उंची जुळली, दात जुळले, तरी चाल जुळेल की नाही हे जुंपल्याशिवाय कळत नाही. मराठवाड्याकडून आणलेला देखणा बैल घरच्या बुटक्या गोऱ्ह्याशी जुळतो आणि सख्ख्या भावाशी जुळत नाही. लग्नं जुळवणाऱ्याला बायोडाटा मिळतो, इथे तोही नाही.

पळवायची पद्धत बदलली की अंदाजही बदलतो. दोन जोड्या शेजारी शेजारी सोडायच्या आणि जी पुढे ती जिंकली, ही एक रीत. एकेक जोडी सोडून घड्याळावर वेळ घ्यायची, ही दुसरी. पहिल्या रीतीत शेजारच्या जोडीची चाहूल काही बैलांना चेव आणते, काहींना बुजवते. दुसऱ्या रीतीत बैलासमोर नुसतं रिकामं मैदान. शेजारी कोणी असल्याशिवाय न पळणारे बैल असतात, माणसंही असतात. असा बैल जोडपटात पहिला येतो आणि घड्याळावर आपटी खातो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाचं नाव विदर्भभर आहे, तिथे बायकाही जोड्या हाकतात. तिकडची जिंकलेली जोडी इकडच्या मैदानावर आली की लोक आधी विचारतात, तिकडे कशी पळाली होती, घड्याळावर की जोडीने?

पुण्याकडच्या घाटातली, म्हणजे तिथल्या शर्यतीच्या पट्ट्यावरची, गोष्ट आणखी निराळी. तिथे चार बैल, त्यांच्यापुढे घोडी, आणि बारी, म्हणजे एक धाव, किती सेकंदात झाली त्यावर नंबर. घोडीच्या मागे बैल धावतात. घोडा आणि बैल एका शर्यतीत असण्याचं एवढं एकच उदाहरण मला माहीत आहे. तिकडे स्टॉपवॉचने अंदाजाला पहिल्यांदा आकडा दिला. आपल्याकडेही घड्याळ आलं, मग इलेक्ट्रॉनिक टायमर आला, सेकंदाचे शंभर तुकडे झाले. आता वाटलं, झालं, आठवणीचा कारभार संपला, बैलालाही फॉर्म मिळाला. पण एका गावचा पट्टा लांब, दुसऱ्याचा आखूड, एकीकडे चढ, दुसरीकडे कन्हार. इथला आकडा तिथे चालत नाही. आकड्यांची वही घेऊन फिरणारी तरुण पोरं आणि अंगठ्याने माती उकरणारे म्हातारे एकाच मैदानावर भांडू लागले.

ते भांडण मिटायच्या आत पटच मिटले. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६० चा. त्याच्या कलम २२ खाली ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत अशांची यादी होती: अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या, सिंह. ११ जुलै २०११ ला केंद्राने त्यात बैल घातला. घोडा त्या यादीत नव्हता. तिथून धाकधूक सुरू झाली, आणि ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या. बैलाची शरीररचना अशा खेळासाठी नाही, हे त्या निकालातलं एक कारण. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने वाट मोकळी केली, तिला १२ जानेवारीला स्थगिती मिळाली. योगायोग असा की बरोबर वीस वर्षांपूर्वी, १२ जानेवारी १९९६ ला, याच न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, नुसता जुगार नाही, असा निकाल दिला होता. घोड्याचा वंश, तयारी, जॉकीचं कसब यांचा अभ्यास करून लावलेला अंदाज न्यायालयाने मान्य केला होता. आमराईत बसून उजवा बैल कुठवर साथ देईल याचा हिशेब करणाऱ्याचं कौशल्य मात्र कोणत्याही निकालात आलं नाही. छळाचा प्रश्न वेगळा आणि खरा होता, हे इथे सांगायलाच हवं. टोकाला आर लावलेली काठी, पिळलेली आणि चावलेली शेपटी हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि जिंकणाऱ्या धुरकऱ्याच्या कौतुकात ते झाकलं जात होतं.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडकली. बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर राज्याने तज्ज्ञांकडून अहवाल करवून घेतला. बैल पळू शकतो की नाही हे कागदावर लिहून द्यायची वेळ आली याचं पटवाल्यांना हसू आलं असेल, पण तो अहवाल न्यायालयापुढे गेला. १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला.

या मधल्या साडेसात वर्षांनी अंदाजाच्या विद्येचं काय केलं, हे कोणी फारसं बोलत नाही. बैल अडीच-तीन वर्षांचा झाला की दोनदाती होतो, पाचच्या आसपास दात जुळतात, पुढे चार-पाच हंगाम तो जोरात. म्हणजे २०१४ मध्ये ऐन भरात असलेला बैल २०२१ मध्ये म्हातारा, आणि मधल्या काळात वाढलेली अख्खी पिढी कधी पटावर सुटलीच नाही. याच वर्षांत चिखलणीला ट्रॅक्टर आले, २०१५ पासून गोवंश हत्याबंदीत बैलही आले, दावणीचे बैल कमी झाले. २०२२ च्या हंगामात मैदानं पुन्हा भरली तेव्हा कोणत्याच जोडीला मागची धाव नव्हती. वह्या कोऱ्या, आठवणी मेलेल्या बैलांच्या. मग लोक कशावर अंदाज बांधणार? पुन्हा खूर, कातडी, शेपटी, आणि हो, भोवरेसुद्धा. शेकडो वर्षं मागे टाकलेली लक्षणं एका हंगामात परत आली, कारण दुसरं हाताशी काही नव्हतंच.

नव्या नियमांनी आणखी एक फेर केला. पट्टा हजार मीटरच्या आत हवा, प्रशासनाची परवानगी हवी, पशुवैद्यकाचा दाखला हवा, काठी नको, आर नको, विजेचा धक्का नको. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पूर्वी ढिल्या बैलाला आर टोचून शेवटचे काही हात काढता येत, आणि त्यामुळे अंदाजात धुरकऱ्याचा निर्दयपणाही धरावा लागे. आता जिथे नियम पाळले जातात तिथे त्याच्याकडे आवाज आणि कासरा एवढंच उरलं. घरी ज्या माणसाच्या हाकेने बैल कान टवकारतो तोच मैदानावर हवा. परका धुरकरी घेतलेल्या जोडीबद्दल हल्ली लोक आधीच शंका काढतात, ती याचमुळे.

पैजेचं काय? घोड्यांवर पैसे लावायला रेसकोर्सच्या आवारात परवाना आहे. पटावर पैसे लावणं गुन्हा, आणि पट भरतात ते बक्षिसांवर: रोख रक्कम, ढाल, मोटारसायकल. पैसे लागतच नाहीत असं मैदानावरचा कोणी शपथेवर सांगणार नाही. पण जिंकणाऱ्या मालकाचा खरा फायदा दुसऱ्या दिवशी सुरू होतो. जोडीला मागणी येते, आणि चार मिनिटांच्या बोलणीत किंमत दुप्पट होते. अंदाजाचा बाजार असेल तर तो हा. म्हणून काही जाणकार पट पाहायला येतात ते हरणाऱ्या जोड्यांसाठी. जोडी हरली, पण त्यातला एकटा बैल चांगला होता, हे ज्याला पहिल्यांदा दिसतं तो स्वस्तात घेऊन जातो.

आणि आता मोबाइल. प्रत्येक धाव चार बाजूंनी चित्रित होते, रात्रीच्या आत गावोगाव पोहोचते. पश्चिम महाराष्ट्रातला 'बकासुर' हा नावाजलेला बैल कधी गोंदियाच्या मैदानावर आला नाही, तरी इकडच्या पोरांना त्याची पळण्याची ढब माहीत आहे. व्हिडिओ हळू करून पाहता येतो, जू कुठे तिरकं झालं ते थांबवून दाखवता येतं. इतके दिवस धुरकऱ्याच्या डोक्यात असलेली वही सगळ्यांच्या खिशात आली. अर्थात फिरतात ते जिंकलेल्या धावांचे व्हिडिओ. हरलेली धाव मालक कशाला पसरवील? विकायची जोडी असेल तर मुळीच नाही. वर्तमानपत्रात जी गोष्ट छापून येत नसे तीच इथेही मिळत नाही, आणि ती हवी असेल तर अजूनही धुरकऱ्याशेजारची खुर्चीच धरावी लागते.

२०२२ मध्ये दोनदाती म्हणून पहिल्यांदा सुटलेल्या गोऱ्ह्यांचे दात आता जुळले आहेत. पट पुन्हा सुरू झाल्यावर सलग हंगाम पळालेली ही पहिली पिढी. त्यांच्या मागच्या धावा लोकांना पाठ आहेत, त्यांचे जोडीदार बदलल्याची कारणं पाठ आहेत, कोणता कन्हारीत बसला आणि कोणता सिहारीत उडाला तेही. अर्जुनी मोरगाव, देवरी, सालेकसाकडच्या पटांत त्यांच्या खरेदीची बोलणी चालतात तेव्हा विकणारा मोबाइल पुढे करतो. घेणारा व्हिडिओ पाहतो, मान हलवतो, मोबाइल परत देतो आणि बैलाच्या खांद्यावर तळवा ठेवून दाबतो.